जुनी व नवी ग्राफिक्स कार्डे : क्षमतेच्या तुलनेचा इतिहास (पेडणे व डिचोली तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

संगणकाच्या पडद्यावर अक्षर, आकृती किंवा हलते चित्र उमटविण्याचे काम ज्या भागाकडे असते त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. जुने कार्ड व नवे कार्ड यांची तुलना करावयाची म्हटले की सर्वसाधारणपणे एका सेकंदात किती चित्रे उमटतात एवढाच आकडा पुढे केला जातो. हा आकडा खेळ खेळणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. परंतु ज्या महाविद्यालयाला वीस संगणकांची प्रयोगशाळा आठदहा वर्षे चालवावयाची आहे, आणि ज्याचे विद्यार्थी मराठी, कोकणी किंवा उर्दू वाचतात, त्याला याच इतिहासाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कार्ड निकामी केव्हा होते, आणि ते निकामी झाल्याचे कोण ठरविते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोव्याच्या उत्तर टोकाचे पेडणे व डिचोली हे दोन तालुके या विचारासाठी सोयीचे आहेत. दोन्ही नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले. दोहोंची सीमा सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागते. १९६१ च्या मुक्तीनंतर येथे गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आज विर्नोडा येथे शासकीय महाविद्यालय आहे, सांखळीला शासकीय महाविद्यालय आहे, डिचोलीत वाणिज्य महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन आहे. या भागातील शिक्षकापुढे संगणक आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न वेगाचा नव्हता. यावर मराठी दिसते का, हा होता.

अक्षरापासून सुरुवात

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यासोबत दोन प्रकारची कार्डे होती. पहिले, एमडीए, केवळ अक्षरे दाखवी : पडद्यावर २५ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, आणि या सर्वांसाठी अवघी चार किलोबाइट स्मृती. अक्षरांचे आकार कार्डावरील चिपमध्ये कायमचे कोरलेले असत व त्यांची संख्या २५६ पेक्षा अधिक होऊ शकत नसे. दुसरे कार्ड, सीजीए, चित्र काढू शके, पण त्याची सर्वांत बारीक रेघ ६४० बाय २०० ठिपक्यांच्या चौकटीत बसवावी लागे. रोमन लिपीला हे पुरेसे होते. देवनागरीला नव्हते. वर रफार व अनुस्वार, खाली उकार व रकार, मध्ये जोडाक्षरे. आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा घरात 'र्द्वि' कशी मावणार? शिवाय जोडाक्षरे मोजावयास घेतली तर २५६ घरे केव्हाच संपतात.

हा पेच केवळ आपल्या लिप्यांचा नव्हता. १९८२ साली अमेरिकेत निघालेले हर्क्युलिस कार्ड पुढे अनेक वर्षे जगभर वापरले गेले. त्याचा जनक व्हॅन सुवन्नुकुल याला आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता, आणि आयबीएमच्या दोन्ही कार्डांवर ते शक्य नव्हते, म्हणून हे कार्ड जन्माला आले. एकरंगी पडद्यावर ७२० बाय ३४८ ठिपके, म्हणजे सीजीएच्या जवळजवळ दुप्पट. ग्राफिक्स कार्डाच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तकांत खेळापासून होते. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी एका विद्यार्थ्याची लिपी आहे. ही गोष्ट संगणकाच्या वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे.

भारतात हाच प्रश्न कानपूरच्या आयआयटीमध्ये हाताळला गेला. मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे विकसित केलेले तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. 'ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी' या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे जिस्ट, व त्याचे जिस्ट कार्ड. संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसविले की डॉसवर चालणारे, मुळात इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेस किंवा लोटस यांसारखे कार्यक्रम भारतीय लिपीत दिसू लागत. मूळ कार्यक्रमाला आपण मराठी दाखवीत आहोत याचा पत्ताही नसे. तो पडद्याकडे संकेतांक पाठवी. कार्ड ते मध्येच उचलून त्यांची अक्षरे जुळवी. 'क्ष' हे अक्षर स्मृतीत क, हलन्त व ष अशा तीन संकेतांकांनी साठविले जाई, आणि त्याला एकसंध आकार देण्याची अक्कल कार्डाकडे असे. ही संकेतपद्धती इस्की या नावाने ओळखली जाते; १९९१ साली ती भारतीय मानक १३१९४ म्हणून निश्चित झाली. इन्स्क्रिप्ट कळफलकाचे प्रमाणीकरण त्याआधीचे, १९८६ चे.

गोव्याच्या दृष्टीने यातील एक गुण फार मोलाचा होता. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना इस्कीने एकच संकेततक्ता दिला होता. त्यामुळे देवनागरीत भरलेला मजकूर एक आज्ञा देताच कन्नड लिपीत वाचता येई. कोकणी ही देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम व अरबी-फारसी वळणाच्या लिपीतही लिहिली गेलेली भाषा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला व मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली. अशा राज्याला लिपीबदल करून देणारे कार्ड नेमके त्याच सुमारास उपलब्ध झाले. उर्दूसाठी मात्र हा तक्ता चालण्याजोगा नव्हता. उजवीकडून डावीकडे जाणारी, शब्दातील स्थानानुसार अक्षराचा आकार बदलणारी ही लिपी. तिच्यासाठी पास्की नावाची स्वतंत्र संकेतपद्धती करावी लागली. त्यातही नस्तालीक वळणाचा प्रश्न वेगळाच. तेथे शब्द तिरका उतरत येतो, एका ओळीत अक्षरांची उंची सारखी राहत नाही. १९८१ च्या सुमारास नूरी नस्तालीक तयार करताना हजारो जोडआकार हाताने लिहून काढावे लागले होते, यावरून त्या कामाचा आवाका ध्यानात येतो.

पुढे विंडोज आले आणि जिस्ट कार्डाची गरज ओसरली. व्हीजीएने (१९८७) ६४० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा दिला होताच. आता अक्षर जुळविण्याचे काम फाँटच्या साह्याने सॉफ्टवेअर करू लागले. ही प्रगतीच होती, पण तिच्यात एक मोठी खोट होती. नव्वदच्या दशकातील प्रत्येक कंपनीच्या फाँटची संकेतरचना निराळी. प्रश्नपत्रिका एका फाँटमध्ये टंकित केली व दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटे. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी मिळू लागली तेव्हा हा गोंधळ हळूहळू निवळला. युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. परिणामी १९९० साली जिस्ट कार्डावर इस्कीत साठविलेला मजकूर आज सहज युनिकोडमध्ये आणता येतो, आणि १९९८ साली अधिक वेगवान कार्ड असलेल्या संगणकावर टंकित केलेल्या मजकुरासाठी त्या त्या फाँटचा परिवर्तक शोधत बसावे लागते. वेगाच्या कोणत्याही कोष्टकात हा फरक दिसत नाही.

आकड्यांची चढण

नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी एस३ सारख्या कंपन्यांची कार्डे विंडोजच्या खिडक्या, रेषा व चौकोन झपाट्याने काढून देऊ लागली. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू आले : ५० मेगाहर्ट्झ गती, चार मेगाबाइट स्मृती, आणि काम फक्त त्रिमितीय चित्राचे. साध्या पडद्यासाठी दुसरे कार्ड शेजारी ठेवावेच लागे. पुढे ती कंपनी बुडाली. तो इतिहास रंजक असला तरी येथे त्याचे कारण नाही.

आजच्या अर्थाने पहिले कार्ड म्हणून एन्व्हिडियाच्या जीफोर्स २५६ कडे (१९९९) बोट दाखविले जाते. त्याच्या चिपवर सुमारे २ कोटी ३० लाख ट्रान्झिस्टर होते व बहुतेक कार्डांवर ३२ मेगाबाइट स्मृती असे. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० वर सुमारे ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर आहेत व ३२ गिगाबाइट स्मृती. म्हणजे पाव शतकात ट्रान्झिस्टर चार हजार पट झाले, स्मृती हजार पट झाली. पण स्मृतीशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा वेग सेकंदाला २.६६ गिगाबाइटवरून १,७९२ गिगाबाइटवर गेला. ही वाढ सुमारे पावणेसातशे पट. वाढ सर्वत्र सारखी झालेली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पडद्याचे तर सर्वांत नवल. व्हीजीएच्या पडद्यावर ३,०७,२०० ठिपके होते. आजच्या सर्वसामान्य १९२० बाय १०८० पडद्यावर २०,७३,६०० आहेत, आणि महागड्या फोर-के पडद्यावर ८२,९४,४००. अडतीस वर्षांत पडदा फार तर सत्तावीस पट वाढला. जीफोर्स २५६ कागदोपत्री सेकंदाला ४८ कोटी ठिपके भरू शके. आजचा सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा पूर्ण भरावयाचा तर साडेबारा कोटीही पुरतात. याचा अर्थ एवढाच की मराठी मजकूर, तक्ते वा हिशेबपत्रक दाखविण्यासाठी लागणारी ताकद कार्डाकडे विसाव्या शतकातच आली होती. त्यानंतरची बहुतेक वाढ एकेका ठिपक्यामागील गणितावर खर्च झाली : प्रकाश, सावली, प्रतिबिंब, आणि २००७ पासून सीयूडीए या साधनामुळे चित्राशी संबंध नसलेली गणितेही.

विजेचा हिशेब या चढणीतच बसतो. २००६ चे ८८०० जीटीएक्स १५५ वॅट घेऊन सेकंदाला सुमारे ३४६ अब्ज आकडेमोडी करी. म्हणजे एका वॅटमागे सव्वादोन अब्ज. २०१६ च्या जीटीएक्स १०८० ने १८० वॅटमध्ये हे प्रमाण ४९ अब्जांवर नेले. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ने ४५० वॅट घेऊन ते १८३ अब्जांवर पोचविले. त्यानंतरचे आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅट घेते, आणि वॅटमागील कागदोपत्री प्रमाण १८२ अब्ज. नवे कार्ड अधिक काम करते ते अधिक वीज घेऊन. दोन्ही चिपा जवळपास एकाच दर्जाच्या निर्मितिप्रक्रियेतून आल्या आहेत, त्यामुळे हे अनपेक्षित नाही. परंतु नवे कार्ड वीज वाचविते ही जी समजूत वर्षानुवर्षे खरी ठरत आली, ती या वरच्या पायरीवर यापुढे आपोआप खरी मानता येणार नाही.

मोजमापाची विश्वासार्हता

वरील आकडे उत्पादकांचेच आहेत. प्रत्यक्ष चाचण्यांचा इतिहास फारसा निर्मळ नाही. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर 'क्वेक ३' या खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरवितो व वेग वाढवितो, असे उघड झाले. खेळाच्या फाइलचे नाव बदलताच वेग खाली आला. २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ या चाचणीच्या कर्त्यांनी एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरवर तसाच ठपका ठेवला. परीक्षेतील प्रश्न आधी कळलेल्या विद्यार्थ्याचे गुण जसे, तसेच हे. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० हे कार्ड ४०९० च्या तोडीचे असल्याचे सांगितले गेले. त्या दाव्यात खरोखर रेखाटलेल्या दोन चित्रांच्या दरम्यान कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रे मोजलेली होती. चित्र गुळगुळीत दिसते हे खरे, पण रेखाटलेले आणि अंदाजाने भरलेले चित्र एकाच रकान्यात मांडणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पटण्यासारखे नाही.

तालुक्यातील प्रयोगशाळा

गोव्यात शाळांपर्यंत संगणक पोचविण्याचे दोन प्रयत्न येथे सांगितले पाहिजेत. १९९६ मध्ये परदेशस्थ गोमंतकीय व स्थानिक मंडळींच्या पुढाकाराने 'गोवा कॉम्प्युटर्स-इन-स्कूल्स' हा प्रकल्प सुरू झाला. परदेशात वापरून झालेले संगणक आणून ते शाळांना देणे हा त्याचा एक भाग होता आणि त्यात लिनक्सचा आधार घेतला गेला. दुसरा प्रयत्न सरकारी. २००२ साली मनोहर पर्रीकर यांच्या कारकिर्दीत 'सायबरएज' योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक देण्यास प्रारंभ झाला. अलीकडे २०२१ पासून माध्यमिक शाळांत कोडिंग व रोबोटिक्सची योजना आली आहे.

पहिल्या प्रयत्नातून एक तांत्रिक धडा मिळतो. लिनक्सवर एक सशक्त संगणक मध्यभागी ठेवून जुने संगणक त्याला केवळ पडदा व कळफलक म्हणून जोडण्याची पद्धत १९९९ पासून प्रचारात आली. अशा रचनेत सारी आकडेमोड मधला संगणक करतो आणि जुन्या कार्डाकडे फक्त आलेले चित्र दाखविण्याचे काम उरते. वेगाच्या कोष्टकात तळाला असलेले कार्ड तेथे पूर्ण कामाचे ठरते. नव्या कार्डाच्या किमतीत अशी आख्खी प्रयोगशाळा उभी राहू शकते.

हवामानाचा विचार मात्र कोष्टके कधीच करीत नाहीत. व्हीजीए काळातील कार्डांवर पंखा नसे. चिप हवेवरच थंड होई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पंखे आले व नंतर वाढतच गेले. डिचोली तालुक्यात मुळगाव, शिरगाव, मये या खाणींच्या पट्ट्यात २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ ही नेहमीची तक्रार होती. २०२४ पासून डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले आहे. पंखा जितका जोरदार, तितकी ही धूळ कार्डाच्या पत्र्यांमध्ये अधिक ओढली जाते. पत्रे बुजले की चिप तापते, आणि तापलेली आधुनिक चिप स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करते. खरेदीच्या वेळी मोजलेला वेग दोन वर्षांनी तसा राहीलच असे नाही. पेडण्यात मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्याच्या गावांत खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस. तेथे धातूच्या जोडांवर गंज चढतो. पावसाळाभर बंद ठेवलेली प्रयोगशाळा उघडल्यावर कार्ड काढून त्याची सोनेरी कड साध्या खोडरबराने पुसून पुन्हा बसविणे हा जुना उपाय आजही लागू पडतो.

विजेचे गणित सरळ आहे. ४५० वॅटची वीस कार्डे पूर्ण भाराने चालली तर केवळ कार्डांचाच भार नऊ किलोवॅट. चार तासांना ३६ युनिट. एवढा भार पेलणारी जोडणी व बॅटरी गावातल्या इमारतीत क्वचितच असते. याउलट मुख्य प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेले ग्राफिक्स आज वर्गातील बहुतेक सर्व कामांना पुरते. जसे जिस्ट कार्डाचे कौशल्य सॉफ्टवेअरने गिळले, तसे साध्या ग्राफिक्स कार्डाचे काम प्रोसेसरने गिळले आहे.

निकामी कोण ठरविते

मग जुने कार्ड अडते कोठे? पहिली अडचण शैक्षणिक चित्रफितींची. चित्रफीत ज्या पद्धतीने दाबून साठविलेली असते ती पद्धत उलगडण्याची खास मंडले कार्डावर असावी लागतात. एव्ही१ ही नवी पद्धत उलगडणारी मंडले एन्व्हिडियाच्या कार्डांत २०२० च्या मालिकेपासून आली. त्याआधीचे कार्ड कितीही ताकदवान असो, अशी फीत लागली की सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि वर्गात चित्र अडखळते.

दुसरी अडचण ड्रायव्हरची, आणि तीच निर्णायक आहे. २०१२ साली अॅलेक्सनेट या प्रणालीने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारली ती जीटीएक्स ५८० या दोन बाजारू कार्डांवर शिकून. तेव्हापासून ग्राफिक्स कार्ड हे भाषेच्या यंत्रांचेही कार्ड झाले. कोकणी, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांचा अनुवाद करणारे इंडिकट्रान्स२ सारखे प्रारूप २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने खुले केले. असे प्रारूप जिल्ह्याबाहेर माहिती न पाठविता महाविद्यालयातच चालवावयाचे तर कार्ड उपयोगी पडते, आणि त्यासाठी आठ गिगाबाइट स्मृतीचे २०१६ चे जीटीएक्स १०८० ताकदीने पुरेसे आहे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या सीयूडीएच्या तेराव्या आवृत्तीने त्या पिढीचा आधार काढून घेतला. चिप शाबूत, स्मृती शाबूत, पंखा फिरतो आहे. तरी नवे सॉफ्टवेअर त्या कार्डाला ओळखत नाही. त्याउलट १९८७ च्या व्हीजीएने ठरविलेली पडद्याची रीत संकट आल्यावर आजचाही बहुतेक संगणक दाखवू शकतो, कारण ती सर्वांनी मिळून स्वीकारलेली रीत झाली होती. सीयूडीए एका कंपनीची आहे.

खरेदीचा निर्णय घेताना म्हणून दोन तारखा विचारणे अगत्याचे आहे : कार्ड प्रथम केव्हा विक्रीला आले, आणि त्याच्या पिढीचा ड्रायव्हर आधार कोणत्या वर्षी थांबण्याची शक्यता आहे. २०१६ च्या कार्डाला नऊ वर्षे मिळाली. विर्नोड्याच्या किंवा सांखळीच्या प्रयोगशाळेसाठी आज सवलतीत मिळणारे तीन-चार वर्षांपूर्वीचे कार्ड घेतले तर उरलेली वर्षे त्या मानाने मोजावी लागतील. ज्यांच्याकडे १०८० च्या पिढीची कार्डे आधीच आहेत त्यांनी ती टाकून देण्याचे कारण नाही. सीयूडीएची बारावी आवृत्ती व तिच्याशी जुळणारा ड्रायव्हर जपून ठेवला, त्यांची प्रत प्रयोगशाळेच्या एका स्वतंत्र डिस्कवर काढून ठेवली, आणि तो संगणक अद्ययावत करण्याच्या मोहात न पडता केवळ भाषेच्या कामासाठी राखला, तर तेच कार्ड अकरावीच्या मुलांना मराठीतून कोकणीत व उर्दूत होणारा अनुवाद पडद्यावर दाखवीत राहील.